दुसऱ्या चौकटीतला पत्ता

३ मार्च

बटण,

वर काय लिहावं हे ठरवण्यात अर्धी सकाळ गेली. 'प्रिय' लिहिलं असतं तर तुला हसू आलं असतं, 'चिरंजीव' लिहिलं असतं तर राग. शेवटी तुझा दादा जी हाक मारायचा तीच लिहिली.

कामाचं आधी सांगते. तुझ्या जुन्या ईमेलवर एका वाचक मंडळाकडून काही आलं असेल, नसेल तर येईल. ते उघडू नकोस. न उघडता पुसून टाक. तुझा फोन नंबर बदलला असं कळलं, आणि ईमेलवरच 'ईमेल उघडू नकोस' असं कसं लिहायचं, म्हणून हे पत्र.

घाबरण्यासारखं त्यात काही नाही. ऐतिहासिक कादंबऱ्या वाचणाऱ्या लोकांचं मंडळ आहे. सगळा कारभार मोबाईलवर. आमचं कोपऱ्यावरचं वाचनालय बंद झालं, तेव्हा तिथल्या ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "तुम्ही आता या मंडळात जा. माझ्याकडची राजांची सगळी कपाटं तुम्ही संपवलीत. आता राजे तरी कुठून आणायचे?" त्यांनीच मला फॉर्म उघडून दिला आणि त्या चहा घ्यायला गेल्या. पहिल्या चौकटीत मी माझं नाव भरलं. दुसरी चौकट होती, 'घरातील दुसरा वाचक'. माझं बोट जोडीच्या सभासदत्वावर पडलं होतं हे मला काय ठाऊक? ती चौकट भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकेना.

घरातला दुसरा वाचक. मी त्या तीन शब्दांकडे किती वेळ बघत बसले असेन. मग जो एकच ईमेल मला पाठ आहे तो घातला. तुझ्या नर्सिंग कॉलेजचे अर्ज आपण दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून भरले होते ना, अकरा कॉलेजांचे. तेव्हापासून पाठ आहे.

एवढंच. मी बरी आहे. शाळेच्या गणवेशांची शिलाई चालू आहे. दादाचा चष्मा अजून खिडकीतच असतो, आठवड्याला पुसते. तुझा फ्लास्क माझ्याकडे राहिलाय.

उघडू नकोस. लगेच पुसलंस तर बरं.

वहिनी


१० मार्च

बटण,

उत्तराची मी वाट बघत नव्हते, तरी रोज पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं काम पडतं. काल एका शर्टाची बाही उलटी शिवली.

मंडळाच्या पानावर सभासदांच्या नावापुढे खूण असते. महिन्याचा अंक उघडला की ती खूण हिरवी होते. माझ्या नावाखाली तुझा पत्ता आहे आणि त्याच्यापुढे दोन हिरव्या खुणा आहेत. जानेवारीची आणि फेब्रुवारीची. म्हणजे माझं पत्र पोचण्याच्या कितीतरी आधीपासून तू वाचते आहेस. ते बघितलं आणि शिवण बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

तू वाचतेस म्हणून सगळं तुला ठाऊकच असेल, तरी सांगते. इथे कोणी खरं नाव लावत नाही. प्रत्येकानं जुन्या काळातला एक हुद्दा घ्यायचा. मंडळ चालवतात ते कारभारी. एक वैद्य आहेत, एक हेर, एक कोठारवाली. मी पहारेकरीण झाले. तेव्हा काही विचार केला नव्हता. यादीत शिल्लक होतं ते घेतलं, असं मी स्वतःला सांगते.

दर महिन्याला सगळे एकच कादंबरी वाचतात. मग एका सभासदानं 'राहिलेलं पान' लिहायचं. कादंबरीकारानं जे सांगायचं टाळलं, ते आपण सांगायचं. मला हे फार आवडलं. का ते तुला कळेल. मी वाचायला शिकले ते छापखान्यातल्या खराब फॉर्म्यांवर, सोळा-सोळा पानांच्या त्या मोठ्या कागदांवर. दादा मशीनवरून फुकट गेलेले कागद घरी आणायचा, मी भाजी निवडता निवडता वाचायची. कधी तेहतीस ते अठ्ठेचाळीस पानं मिळायची, मग एकदम सत्त्याण्णव ते एकशे बारा. मधल्या काळात राजाचं लग्न होऊन तीन मुलं झालेली असायची. तू फ्रॉकमध्ये समोर बसून गृहपाठ करायचीस आणि विचारायचीस, "वहिनी, मधे काय झालं?" आणि मी ठोकून द्यायची. ती माझी शाळा.

या महिन्याच्या कादंबरीत राजाचं शेवटचं आजारपण आहे. साडेपाचशे पानं. त्यात एकच वाक्य असं आहे: 'राजाची बहीण तीन दिवसांचा प्रवास करून आली आणि भेट न होताच परतली.' पुढच्या प्रकरणात राजा गेलेला असतो. बहीण का परतली, एक अक्षर नाही.

कारभाऱ्यांनी लिहिलं, "दाराची गोष्ट आहे. पान पहारेकरणीनं लिहावं." सगळ्यांनी होकार दिला.

मी लिहिलं. पाठवूनही दिलं. आणि पाठवल्यावर मला कळलं की मी काय करून बसले.

ते पान पंचवीस तारखेला सगळ्यांना जाणार. तुझा पत्ता यादीतून काढता येतो का विचारलं. येत नाही म्हणे.

म्हणून पुन्हा सांगते, मार्चचा अंक उघडू नकोस. मी हात जोडते.

वहिनी


१८ मार्च

बटण,

आता मला नीट झोप नाही आणि नीट जाग पण नाही. मोबाईल पिठाच्या डब्याशेजारी ठेवते, म्हणजे शिवताना ऐकू येऊ नये. तरी वाजला की मशीनच्या घरघरीतून ऐकू येतोच.

पान सगळ्यांना जायच्या आधी तिघांना वाचायला देतात, चुका काढायला. वैद्यांनी लिहिलं, छान. कोठारवालीनं लिहिलं की बहिणीच्या हातातलं भांडं तिला डोळ्यासमोर दिसलं, झाकणाच्या मुठीला पांढरी पट्टी गुंडाळलेलं. आणि हेर म्हणून जे आहेत त्यांनी लिहिलं: "पहारेकरीण बहिणीला सांगते की राजाला कोणाला भेटायचं नाही. पण राजा तसं म्हणाल्याचं पानभर कुठे नाही. ही बाई खोटं बोलते आहे. आणि लिहिणाऱ्याला ते माहीत आहे."

मला खात्री झाली की हेर म्हणजे तू. लहानपणीही तू असंच पकडायचीस. फॉर्म्यातलं मधलं काही मी ठोकून दिलं की म्हणायचीस, "वहिनी, हे तुझ्या मनातलं."

धीर करून कारभाऱ्यांना फोन लावला. ते निवृत्त सर्व्हेअर आहेत, सगळं मोजूनमापून बोलतात.

"हेर कोण आहेत?" मी विचारलं.

"ते गुप्त असतं, बाई. हेर आहेत ना ते."

"बाई आहेत की बुवा, तेवढं सांगा. माझ्या जिवाला घोर लागलाय."

त्यांनी आवाज खाली आणला. म्हणाले, "दातांचे डॉक्टर आहेत. माझी दाढ त्यांनीच काढली. आता कुणाला बोलू नका."

हसायला यायला हवं होतं. मी तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. तू नव्हतीस. पण दातांच्या डॉक्टरला एका वाचनात दिसलं ते तुला दिसणार नाही का? आणि त्या हिरव्या खुणा तर तुझ्याच आहेत.

"पान मागे घ्यायचंय का?" कारभारी विचारत होते. "तुमच्या आवाजावरून वाटतंय."

मी म्हटलं, कळवते.

बटण, मला भीती नेमकी कशाची वाटते हे मी तुला अजून सांगितलेलं नाही. या पत्रातही धीर होत नाही. पट्टीचं वाचून काय ते समज. नको, समजू नकोस. मी लिहीन.

वहिनी


२४ मार्च, सकाळ

बटण,

उद्या दहा वाजता ते पान जाईल. त्याआधी माझ्या हातानं लिहिलेलं तुझ्याकडे असायला हवं होतं, पण पोस्टाला चार दिवस लागतात आणि त्यांना एक मिनिट. म्हणून हे मी स्वतः घेऊन येईन. आधी लिहून तर होऊ दे.

तू आलीस तो गुरुवार होता. दुपारचे साडेतीन. दोनदा टकटक, मग थांबून एकदा. तुझी लहानपणापासूनची. मी दार उघडलं, पण उंबऱ्यातच उभी राहिले. तुझ्या हातात फ्लास्क होता. त्याची मूठ तुटली होती म्हणून तू तिला दवाखान्यातली पट्टी गुंडाळली होतीस. तू म्हणालीस, "सूप आणलंय. दादा कसा आहे?"

मी म्हटलं, "झोपलाय. डॉक्टरांनी कोणाला भेटू देऊ नका म्हटलंय."

"मी कोणी आहे का, वहिनी?"

"तूही नाही."

तू माझ्या खांद्यावरून आत बघितलंस. मी दार थोडं ओढून घेतलं. तू फ्लास्क माझ्या हातात दिलास आणि जिना उतरलीस. वळणावर थांबून वर बघितलंस. मला वाटलं होतं तू भांडशील. भांडली असतीस तर मी बाजूला झाले असते. हे मी चार वर्षं घोकतेय.

तो झोपला नव्हता. डॉक्टरांनी तसं काही म्हटलं नव्हतं.

मी खोलीत गेले तर उशीला टेकून बसला होता. म्हणाला, "कोण आलं होतं?"

मी म्हटलं, "मीटर बघणारा."

"मला वाटलं बटण आली. टकटक तिच्यासारखी होती."

मी चादर नीट करत राहिले. तो म्हणाला, "तिला बोलावून घे ना. शनिवारी सुट्टी असते तिला." मी म्हटलं, बोलावते. शुक्रवारी दुपारी तो गेला.

का केलं ते सांगते. पटावं म्हणून नाही सांगत. मी त्याला दोन महिने सांगत होते की नुसता अशक्तपणा आहे. तो मानत होता, किंवा माझ्यासाठी मानल्यासारखं करत होता. तू बावीस वर्षं वॉर्डात काढलीस. तू एकदा बघितलं असतंस आणि तुला कळलं असतं, आणि तुझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. त्यानं तुझा चेहरा बघितला असता. तो नेहमी म्हणायचा, "आमची बटण जोरात हसली म्हणजे समजायचं, पेशंटचं काही खरं नाही." मला तू त्या खोलीत जोरात हसायला नको होतीस. मला आणखी एक आठवडा हवा होता. अशक्तपणाचा.

इथपर्यंत भीती होती. पुढचं पाप आहे.

त्याला नेल्यावर तू भिंतीला पाठ लावून बसली होतीस. मी जवळ आले तेव्हा विचारलंस, "गुरुवारी तो खरंच झोपला होता?" घरात माणसं होती. सगळी ऐकत होती. मला खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "त्यालाच कोणाला भेटायचं नव्हतं."

"मलाही?"

"हो."

"दादा असं म्हणाला?"

मी मान हलवली.

तू उठून चप्पल घातलीस. त्यानंतर तू आली नाहीस, आणि मी बोलावलं नाही. चार वर्षं तुझ्या मनात आहे की दादानं तुला दारातून परत पाठवलं. त्यानं नाही, मी पाठवलं. तो तुला बोलाव म्हणाला होता. हे वाक्य मी मोठ्यानं कुणालाही म्हटलेलं नाही. त्या पानात म्हणायला गेले, तेही राजाच्या आडून, आणि तिथेही 'तिला बोलाव' हे राजाच्या तोंडी घालायचा धीर झाला नाही. तरी हेरांनी खोटं पकडलं.

आणखी एक. मागे लिहिलं होतं की तुझा पत्ता यादीतून काढता येत नाही. खोटं. मी विचारलं तेव्हा कारभारी म्हणाले, "एका मिनिटाचं काम, आत्ता काढतो." मी म्हटलं, "राहू द्या." मग लगेच तुला पत्र लिहिलं की उघडू नकोस. माझं मलाच कळत नाही. तू वाचावंस असंही वाटतं आणि तू वाचलंस तर मी मरेन असंही वाटतं.

उद्या सकाळच्या बसनं निघते.

वहिनी


२६ मार्च, तुझ्या घराबाहेरचा जिना

काल निघाले होते. बसस्टँडवर गाडीचं दार उघडलं, आणि मी बाजूला होऊन मागच्यांना वाट करून दिली. सगळे चढले. गाडी गेली. मी घरी येऊन कुलूप उघडलं आणि मोबाईल बघितला. मार्चच्या अंकापुढे तुझी खूण हिरवी झाली होती. दहा वाजून चार मिनिटांनी.

आज चढले. रस्ताभर मी तुझी वाक्यं पाठ केली, तू काय काय बोलशील ती. सगळ्यात वाईट ते होतं ज्यात तू काहीच बोलत नाहीस.

बेल तुझ्या सासूबाईंनी दाबू दिली नाही. माझी पावलं ऐकूनच त्यांनी दार उघडलं. मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तिच्या दादाची बायको ना तुम्ही?"

"हो."

"ती झोपलीय. रात्रपाळी करून आलीय. मी उठवणार नाही."

बटण, एक पहारेकरीण दुसरीला ओळखते. त्या दारात अगदी तशाच उभ्या होत्या, एक हात चौकटीवर.

मी विचारलं, "ती माझ्याबद्दल काही बोलली का? काल काही वाचलं का तिनं?"

"तिला कुठला वेळ वाचायला?"

"मंडळाचा अंक. मोबाईलवर. राजेराण्यांचा."

"ते होय?" त्यांचा चेहरा एकदम उजळला. "ते मी वाचते. तिचा जुना मोबाईल माझ्याकडे आहे. आपोआप येतात. कोण पाठवतं देव जाणे, पण छान असतात. कालचं पान वाचलंत का तुम्ही? त्या पहारेकरणीला भर चौकात उभी करायला हवी. राजाच्या सख्ख्या बहिणीला दारातून परत पाठवते! मेली कुठली."

"हो," मी म्हटलं.

"पण शेवटी मला जरा वाईट वाटलं तिचं. आयुष्यभर ते दार डोक्यावर घेऊन फिरणार ती."

त्यांच्या मागे फळीवर माझी तीन पाकिटं उभी होती. एकही फोडलेलं नाही. त्यांनी माझी नजर ओळखली. "दादाच्या घरचं अक्षर, असं म्हणाली आणि ठेवून दिली. फेकत नाही आणि उघडतही नाही. मी विचारत नाही."

म्हणजे तुला काहीच माहीत नाही. अंक नाही, पत्रं नाही. पंधरा दिवस मी ज्या खुणांना घाबरत होते त्या तुझ्या नव्हत्याच.

सासूबाई म्हणाल्या, "आत या, बसा. पाणी देते." मी नको म्हटलं, जिन्यात बसते म्हटलं. "जिन्यात? शेजारी काय म्हणतील?" असं पुटपुटत त्यांनी दार लोटून घेतलं.

तेव्हापासून मी इथे तिसऱ्या पायरीवर बसून हे लिहितेय. मांडीवर तुझा फ्लास्क आहे. पट्टी नवी गुंडाळली, जुनी पिवळी पडली होती. आत काही नाही, धुऊन आणलाय.

खरं सांगायचं तर पहिली गोष्ट मनात आली ती ही की उठावं. पाऊण वाजताची परतीची बस आहे. पाकिटं फळीवरच राहतील. तू ती उघडणार नाहीस. सासूबाईंना मी सांगू शकते, सहज आले होते, पुन्हा येईन. कुणाला काही कळणार नाही. हे सगळं इतकं सोपं होतं की मला त्याचीच जास्त भीती वाटली. त्या गुरुवारीसुद्धा असंच सोपं होतं.

साडेबारा होत आलेत. खाली कोणीतरी जिना पुसतंय.

आत्ता आत खुर्ची सरकली. मग नळ. आणि तुझा आवाज, झोपेतला, जड. चार वर्षांनी ऐकला.

"कोण आलं होतं, आई?"

सासूबाई अजून काही बोलल्या नाहीत. त्या काय सांगतील मला माहीत नाही, आणि ते ऐकायला मी थांबणार नाही. हे उत्तर या वेळी मी दुसऱ्या कुणावर टाकत नाही. कागदाची घडी घालते. उठते.

दोनदा टकटक. मग थांबून एकदा.